परदेशात शिकवायला जाताना : व्हिसाच्या कागदपत्रांचे तुमचे अनुभव

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीला अबुधाबीच्या एका शाळेतून ऑफर लेटर आलं. आठवी ते दहावीला गणित शिकवायचं. पेढे वाटून झाले, आणि रात्री जेवणं आटोपल्यावर आम्ही दोघींनी तिची कागदपत्रांची पिशवी पलंगावर उपडी केली. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तिचं नाव, मग बाबांचं. बी.एड.च्या कागदांवर लग्नानंतरचं नाव. पासपोर्ट माहेरच्या नावाचा. आणि बी.एस्सी.ची पदवी बाबांनी हौसेने लॅमिनेट करून आणलेली.

लॅमिनेशनचं आधी सांगते, कारण पुष्कळ घरांत हेच असणार. अटेस्टेशनचे, म्हणजे कागद खरा असल्याच्या सरकारी साक्षांकनाचे, शिक्के आणि स्टिकर मूळ पदवीच्या पाठीवर लागतात, प्लास्टिकवर ते कोणी लावत नाही. म्हणून मी कडेने ब्लेड फिरवलं, कोपरा नखाने उचलला आणि तसूतसूने प्लास्टिक सोडवायला लागले. दोन बोटं नीट सुटलं. मग कुलगुरूंच्या सहीपाशी आले आणि शाईचा पापुद्राच प्लास्टिकला चिकटून वर आला. तिथेच हात थांबवला. बहीण काही बोलली नाही, पण तिचे डोळे भरून आले. आता विद्यापीठात दुय्यम पदवीसाठी, म्हणजे पदवीच्या दुसऱ्या प्रतीसाठी, अर्ज केलाय. घरी हे कोणी करू नका, मनापासून सांगते.

अपोस्टिल म्हणजे करारातल्या सगळ्या देशांत चालणारं एकच प्रमाणीकरण. अबुधाबी ज्या देशात आहे तो यूएई या अपोस्टिल करारात नाही, त्यामुळे पदवीचा प्रवास लांबचा. आधी विद्यापीठाची पडताळणी, मग राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाचा शिक्का, मग आपलं परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा दूतावास किंवा वाणिज्य दूतावास, आणि शेवटी तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. मधला एक राहिला की पुढचा मिळत नाही. हातात सहा आठवडे आहेत.

तुमच्यापैकी जे शिक्षक बाहेर गेलेत, किंवा जाता जाता राहिलेत, त्यांनी लिहा. कुठे अडलं, कशाने सुटलं, काय आधी करायला हवं होतं. देश कुठलाही चालेल.

जळगाव ते मस्कत, इंग्रजी

ताई, आधी बहिणीला धीर द्या. दुय्यम पदवी चालते. माझी मैत्रीण त्याच पदवीवर दुबईला गेली आणि आज तिथे शिकवतेय.

ओमान अपोस्टिल करारात आहे, म्हणून माझी पदवी लवकर झाली. राज्याचा शिक्का, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, बस. भारत या करारात २००५ पासून आहे. तेव्हा ऑफर आली की पहिली चौकशी हीच करायची, तो देश करारात आहे की नाही. पुढची सगळी धावपळ त्यावर ठरते.

मी अडले नावात, पण माझ्या नाही, विद्यापीठाच्या! पदवीवर उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ छापलंय, आणि २०१८ साली ते कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. पडताळणीचं पत्र नव्या नावाने आलं. तिकडच्या एचआरला वाटलं दोन वेगळी विद्यापीठं. नामविस्ताराचं पत्र मिळवून पाठवलं तेव्हा दुसऱ्या दिवशी मान्य झालं. पुण्याचं नाव २०१४ मध्ये बदललं, सोलापूरचं २०१९ मध्ये, नागपूरचं २००५ मध्ये, मराठवाड्याचं १९९४ मध्ये. तुमची पदवी त्याआधीची असेल तर ते पत्र आधीच काढून ठेवा. आमच्या बहिणाबाईंचं नाव त्यावर आहे म्हणून मी माझं अजून जपून ठेवलंय.

घरचे सोबत न्यायचे असतील तर लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले यांची वाट वेगळी असते. ते शिक्षण विभागात होत नाहीत, राज्याच्या गृह विभागाकडे जातात. आणि मुलाच्या दाखल्यावर त्याचं नाव आहे का, ते डोळ्यांनी बघा. माझ्या लेकाच्या दाखल्यावर नावाचा रकाना कोराच होता. दवाखान्यातून नोंद गेली तेव्हा बारसं व्हायचं होतं, नंतर कोणाच्या लक्षातच आलं नाही. नगरपालिकेत नाव चढवून नवा दाखला घ्यायला तीन आठवडे गेले.

ठाणे ते इंग्लंड, भौतिकशास्त्र

इंग्लंडमध्ये २०२३ पासून भारतातल्या शिक्षकांना तिथल्या क्यूटीएससाठी, म्हणजे पात्र शिक्षक या दर्जासाठी, थेट अर्ज करता येतो. मात्र गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्यांनाच, आणि ११ ते १६ वयोगटासाठी. मी त्यातूनच गेलो.

माझी चूक लिहितो, म्हणजे दुसऱ्या कोणाची होणार नाही. मी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दिली, गुण उत्तम आले, आणि मग कळलं की व्हिसासाठी 'आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय', म्हणजे तिथल्या व्हिसा विभागासाठीची परीक्षा, लागते. पेपर तसाच, पण नोंदणी वेगळी, फी वेगळी, आणि साधी परीक्षा व्हिसाला धरत नाहीत. पुन्हा फी भरली, पुन्हा दिली. नोंदणी करताना स्क्रीनवरचं नाव अक्षर न अक्षर वाचा.

क्षयरोगाची तपासणी त्यांनी मान्य केलेल्या दवाखान्यातच करावी लागते. फॅमिली डॉक्टरांचा एक्स-रे चालत नाही. प्रमाणपत्र सहा महिने टिकतं, म्हणून फार आधीही करू नका.

आणखी एक, आखातात राहून आलेल्यांसाठी. शिक्षकाच्या व्हिसाला गेल्या दहा वर्षांत जिथे जिथे १२ महिने किंवा जास्त राहिलात त्या प्रत्येक देशाचा पोलीस दाखला, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदीचा दाखला, मागतात. मी आधी दोन वर्षं दोह्यात होतो. भारतात बसून तिथला दाखला मिळवताना माझे जवळजवळ तीन महिने गेले. कुठलाही देश सोडताना तिथला दाखला हातात घेऊनच विमानात बसा. भारतातला हाच दाखला, पीसीसी, त्यामानाने सोपा, पासपोर्ट सेवा केंद्रातून, मी काढला तेव्हा ५०० रुपये.

सातारा जिल्हा, जाता आलं नाही

मी अनुदानित शाळेत होतो. मालदीवमधल्या एका शाळेने निवडलं होतं. तिथे आपल्याकडचे बरेच शिक्षक आहेत. त्यांना अनुभवाचा दाखला हवा होता, मुख्याध्यापकांच्या सहीचा, त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी, शिवाय संस्थेचं ना हरकत. मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी सही दिली. संस्थेची बैठक दोन महिने लागली नाही. ठराव झाल्याशिवाय ना हरकत नाही, ना हरकतीशिवाय प्रतिस्वाक्षरी नाही. शाळेने तिकडे तीन वेळा मुदत वाढवून दिली, चौथ्यांदा त्यांनी दुसरा शिक्षक घेतला.

कोणाविषयी कडवटपणा ठेवला नाही, पण ते दुःख अजून आहे. अनुदानित किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी मुलाखत द्यायच्या आधीच ना हरकतीचा अर्ज टाकावा. निवड झाल्यावर नाही. आणि अर्जाच्या पोचप्रतीवर आवक क्रमांक घ्यावाच.

विद्यापीठातला निवृत्त कर्मचारी

मी परदेशी गेलो नाही, पण परीक्षा विभागाच्या खिडकीमागे २६ वर्षं बसलो. खिडकीतून काय दिसायचं ते लिहितो.

निम्मे लोक पदवी समजून उत्तीर्ण प्रमाणपत्र घेऊन यायचे. पदवी म्हणजे दीक्षान्त समारंभानंतरचं प्रमाणपत्र. त्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळी फी असते. नोकरी लागली की तो अर्ज करायचं राहून जातं, आणि पंधरा वर्षांनी अटेस्टेशनच्या वेळी आठवतं. ज्यांनी पदवी घेतलेली नाही त्यांनी आजच अर्ज करावा, परदेशी जायचं असो वा नसो.

येताना परीक्षेचा महिना, वर्ष, आसन क्रमांक आणि कायम नोंदणी क्रमांक लिहून आणा. 'साधारण ९८-९९ असेल' असं सांगितलं की आम्हाला तीन रजिस्टरं उघडावी लागायची. ती पुठ्ठ्याच्या बांधणीची, एकेक पाच किलोची, वरच्या मांडणीवर. आसन क्रमांक असेल तर पानच हाती यायचं. बाई, तुमच्या बहिणीने जुन्या गुणपत्रिकेची झेरॉक्स अर्जाला जोडली नसेल तर उद्याच नेऊन द्या.

नागपूर ते अमेरिका, विशेष शिक्षण

मी जे-१ शिक्षक विनिमय व्हिसावर आली, २०२४ मध्ये. किमान दोन वर्षं शिकवल्याचा अनुभव लागतो. पदवीचं मूल्यांकन तिकडच्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं, कारण आपली तीन वर्षांची बी.ए. आणि त्यांची चार वर्षांची पदवी सरळ जुळत नाही. माझ्या बाबतीत बी.ए. आणि बी.एड. एकत्र धरून समकक्ष ठरवलं. सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका लागतात, फक्त शेवटच्या नाही.

नावाचं माझंही झालंच. पासपोर्टवर माझ्या नावाच्या रकान्यात माझं आणि नवऱ्याचं नाव एकत्र आहे, आडनाव वेगळं. तिकडच्या शालेय जिल्ह्याने, म्हणजे मला नोकरी देणाऱ्यांनी, पत्र पाठवलं त्यात नवऱ्याचं नाव गाळलं. मला वाटलं, एवढ्याने काय होते? पण स्पॉन्सरच्या, म्हणजे हा विनिमय चालवणाऱ्या संस्थेच्या, बाईंनी स्पष्ट सांगितलं, डीएस-२०१९ वर, म्हणजे जे-१ व्हिसासाठी लागणाऱ्या फॉर्मवर, पासपोर्टवरचंच नाव हवं, जसंच्या तसं. ते परत काढून घेतलं आणि मगच २२० डॉलरची सेविस फी, म्हणजे विनिमय व्हिसावाल्यांच्या सरकारी नोंदणीची फी, भरली. फी आधी भरली असती तर दुरुस्तीचा व्याप वाढला असता.

गुणपत्रिकांवर माहेरचं नाव होतं. त्यासाठी राजपत्रातली नावबदलाची प्रत आणि लग्नाचा दाखला, दोन्ही लावलं. ताई, तुमच्या बहिणीने पासपोर्ट बदलायच्या नादी लागू नये, वेळ कमी आहे. ऑफर लेटर पासपोर्टच्या नावावर करून घ्या आणि बी.एड.च्या कागदांना लग्नाचा दाखला जोडा. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्रही करून ठेवा.

मुंबईच्या व्हिसा मुलाखतीत माझी फाइल उघडलीच नाही. वर्गात चिडलेल्या मुलाला कसं शांत करता, एवढंच विचारलं. मी आमच्या शाळेतल्या एका मुलाचं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी पासपोर्ट ठेवून घेतला, म्हणजे व्हिसा मंजूर.

कोल्हापूर, सध्या घरीच

एका एजंटचा अनुभव. आखातात नोकरी, दोन लाख द्या, अनुभव कमी पडतोय तर आम्ही दाखला 'करून देऊ', आणि व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे बदलून घेऊ. बाबा पैसे द्यायला तयार होते, शेतावर कर्ज काढणार होते. मी ई-मायग्रेटच्या, म्हणजे परदेशी नोकरीसाठीच्या सरकारी, संकेतस्थळावर त्याचा परवाना क्रमांक शोधला. तो तिथे नव्हताच. नोंदणी असलेल्या एजंटला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, हेही तेव्हा वाचलं. बाबांना मोबाइलवर दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, नको बाळा.

खोटा दाखला पडताळणीत पकडला गेला तर नोकरी जाईलच, शिवाय पुढचे सगळे अर्ज संशयाने बघतील. मी अजून दोन वर्षं इथेच शिकवणार आहे. मग खऱ्या दाखल्यावर जाईन.

धागा काढणारी, पुन्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं वाचून दुसऱ्याच दिवशी खिडकीवर झेरॉक्स आणि आसन क्रमांक दिला. काल दुय्यम पदवी मिळाली. शाळेनेही ऑफर लेटर पासपोर्टच्या नावावर करून दिलंय. सातारच्या सरांचं बहिणीने दोनदा वाचलं आणि म्हणाली, त्यांना सांग, मला फार वाईट वाटलं.

आम्ही दोघी उद्या पहाटेच्या गाडीने मुंबईला निघतोय, राज्याच्या शिक्क्यासाठी. पदवी साध्या पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये, दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवलीय. एकच विचारायचंय: ज्यांनी यूएईसाठी हे अलीकडे केलंय, त्यांच्याकडे बी.एड.सोबत बी.एस्सी.च्या तिन्ही वर्षांच्या मूळ गुणपत्रिका मागितल्या का? रात्री साडेदहापर्यंत जागी आहे.