साखळी सोडावी की झुंजावे?

पाचपाखाडीकर : चोरासमोर हात वर करणारा माणूस पुढच्या चोरीचा भागीदार असतो, असे काल येथे एका गृहस्थांनी लिहिले आणि ठाण्यातल्या उपवन तलावावर फिरायला जाणाऱ्या बायकांनी मिरचीपूड घेऊन तुटून पडावे, असा सल्लाही दिला. दुचाकीवरचा चोर समोर उभा राहून धमकी देत नाही. मागे बसलेल्याचा हात गळ्यावर पडतो आणि काय झाले ते कळेपर्यंत गाडी वळणापार गेलेली असते. पूड काढणार केव्हा? माझ्या मावशीने साखळी मुठीत घट्ट धरली; अर्धी वाचली खरी, पण ती फरफटत गेली, खांदा निखळला आणि तो हात आजही वेणी घालण्याइतका वर जात नाही. चाकू दाखवणाऱ्याची गोष्ट वेगळी असते, कारण तिथे क्षणभर वेळ मिळतो. तेव्हा पाकीट हातात न देता एका बाजूला भिरकावावे आणि आपण उलट दिशेने, माणसांकडे पळावे.

कळव्याचा (कालचा लेखक) : मावशींबद्दल वाईट वाटते, पण एका अपघातावरून नियम ठरत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांनी दिलेला आहे.

पाचपाखाडीकर : हक्क दिला आहे, सक्ती केलेली नाही. शिवाय ३७व्या कलमात गरजेपेक्षा अधिक इजा करू नये असेही आहे. तेवढे आपण सोयीने गाळलेत.

वाशीची रहिवासी : मुळात सकाळी सोने घालून बाहेर पडावेच कशाला? मी गेली कित्येक वर्षे खोटे मंगळसूत्र घालते.

नेरुळकर : ताई, चोराला ते खोटे आहे हे घरी गेल्यावर कळते, मान मात्र तुमची खरीच कापली जाते.

वाशीची रहिवासी : निदान दागिना तरी जात नाही! आमच्या जाऊबाईंचे लग्नातले डोरले पाम बीच रस्त्यालगत गेले आणि सासूबाईंनी त्यांनाच वर्षभर बोल लावले. त्या वर्षभराची भरपाई कोण देणार?

नेरुळकर : म्हणजे दोष पुन्हा बाईचाच. चोराने काय घालावे, यावर कोणी लिहीत नाही.

वाशीची रहिवासी : माझ्या तोंडी नसलेले शब्द घालू नका. खबरदारी घेणे म्हणजे दोष पत्करणे नव्हे.

नेरुळकर : बरे, चुकलो म्हणा. पण खबरदारीच सांगायची तर नंतरची सांगा. ११२ वर फोन करावा; चोराच्या चेहऱ्यामागे धावण्यापेक्षा त्याचे बूट, हेल्मेट आणि गाडी कोणत्या दिशेने गेली हे लक्षात ठेवावे. माझा मोबाइल घोडबंदर रस्त्यावर रिक्षातून हिसकावला, तेव्हा एका पोलीस ठाण्यात ‘गहाळ’ अशी नोंद करून मला वाटेला लावले. हिसकावणे हा आता त्याच न्याय संहितेच्या ३०४व्या कलमाखाली स्वतंत्र गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणून ‘गहाळ’ लिहू देऊ नये. हद्दीचे कारण सांगितल्यास शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्द न पाहता, गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरावा.

कळव्याचा : ठीक आहे, गाडीवरच्या चोराशी झुंजू नये हे मान्य. चाकूवाल्यासमोर मात्र पाकीट फेकून पळायचा आपला सल्ला मी गुडघेदुखी असलेल्या माझ्या वडिलांना कसा देऊ, तेवढे सांगा.

पाचपाखाडीकर : त्यांनी पाकीट फेकावे आणि जागेवरच थांबावे. मिरचीपूड मात्र देऊ नका.