‘ट्रिपल-डबल’ला मराठीत काय म्हणावे? आणि ‘टर्नओव्हर’ला?

मूळ प्रश्न

शाळेच्या क्रीडा-भित्तिपत्रकासाठी मी बास्केटबॉलच्या एका गाजलेल्या सामन्याचा आकडेतक्ता मराठीत आणतो आहे. एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या २०१६ च्या अंतिम मालिकेतील हा सातवा व निर्णायक सामना १९ जून रोजी ओकलंड येथे झाला आणि क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सने गोल्डन स्टेट वॉरियर्सवर ९३-८९ अशी मात केली. क्लीव्हलँडच्या लेब्रॉन जेम्सने २७ गुण, ११ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर चेंडू ताब्यात घेणे) आणि ११ असिस्ट (ज्यातून बास्केट होते असा पास) अशी कामगिरी करून ‘ट्रिपल-डबल’ नोंदवले, या वाक्यापाशी माझे घोडे अडले आहे. ‘तिहेरी दुहेरी’ असे लिहिले तर मुले हसतील. ‘त्रिदशक’ हा शब्द मला सुचला आहे. तो चालेल काय? शिवाय ‘टर्नओव्हर’साठी यांत्रिक भाषांतराने मला ‘उलाढाल’ हा शब्द दिला, तो अर्थातच मी फेकून दिला. परंतु त्याच्या जागी काय ठेवावे हे कळत नाही.

प्रतिसाद

‘त्रिदशक’ ऐकायला छान आहे, पण मराठी वाचकाच्या कानात क्रिकेट आधीच बसलेले आहे. त्रिशतक म्हणजे ३०० धावा, हे लहान मूलही जाणते; मग त्याच न्यायाने त्रिदशक म्हणजे ३० होणार, आणि जेम्सचे गुण तर २७ आहेत. वाचक गोंधळेल तो इथेच. मुळातल्या ‘डबल’चा अर्थ दुप्पट किंवा दुहेरी असा नसून ‘दोन अंकी संख्या’ असा आहे, आणि ‘ट्रिपल’ हे अशा संख्या तीन रकान्यांत आल्याचे सांगते. गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील (चेंडू हिसकावणे) आणि ब्लॉक (फेक थोपवणे) या पाचांपैकी कोणत्याही तीन रकान्यांत खेळाडूने किमान १० चा आकडा गाठला की ट्रिपल-डबल होते. म्हणून मी शब्द तसाच ठेवून पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘म्हणजे तीन रकान्यांत दोन अंकी कामगिरी’ अशी जोड देईन. याच सामन्यात वॉरियर्सच्या ड्रेमंड ग्रीनने ३२ गुण, १५ रिबाउंड आणि ९ असिस्ट नोंदवले, म्हणजे ट्रिपल-डबल एका असिस्टने हुकले. हे उदाहरण शेजारी दिल्यास व्याख्या वेगळी लिहावी लागणार नाही.

‘टर्नओव्हर’साठी मराठीत शब्द नाही, असे मी म्हणणार नाही. हॉकी व फुटबॉलच्या वृत्तान्तांत ‘चेंडूवरील ताबा’ हा प्रयोग रुळलेला आहे, तेव्हा ‘ताबा गमावणे’ हे सरळ आणि अचूक आहे. मात्र ‘स्टील’शी त्याची गल्लत होऊ देऊ नये. प्रतिस्पर्ध्याने चेंडू हिसकावला की एका बाजूच्या खात्यात स्टील आणि दुसऱ्या बाजूच्या खात्यात टर्नओव्हर जमा होतो. परंतु प्रत्येक टर्नओव्हरमागे हिसकावणारा हात असतोच असे नाही. या सामन्याच्या अखेरच्या सत्रात स्टीफन करीने पाठीमागून दिलेला पास कोणाच्याही हाती न लागता थेट मैदानाबाहेर गेला, तो निव्वळ ताबा गमावणे होय. त्यामुळे ‘चेंडू हिसकावला’ आणि ‘ताबा गमावला’ असे दोन स्वतंत्र प्रयोग ठेवावेत. ‘चोरी’ हा शब्द मी टाळेन, कारण नियमांत बसणाऱ्या कौशल्याला तो विनाकारण गुन्ह्याचा वास लावतो.

प्रतिसाद

वरील मताशी बहुतांशी सहमत आहे, पण खरी अडचण ‘फील्ड गोल’ची, म्हणजे फ्री थ्रो वगळता झालेल्या बास्केटची, आहे आणि तिचा उल्लेखच झालेला नाही. हॉकीच्या सवयीने कोणी त्याचे ‘मैदानी गोल’ करील, आणि तक्ता वाचणारा हमखास चुकेल. क्लीव्हलँडचे फील्ड गोल ३३, तीन गुणांच्या बास्केट ६ आणि यशस्वी फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारी, एका गुणाची मोकळी फेक) २१ आहेत. हे तीन रकाने शेजारीशेजारी पाहून विद्यार्थी ३३ दुणे ६६, सहा त्रिक १८ आणि वर २१ अशी बेरीज करून १०५ वर पोहोचेल आणि तक्ताच चुकीचा ठरवेल. वस्तुतः त्या ३३ मध्येच ६ सामावलेल्या आहेत: दोन गुणांच्या २७ बास्केटचे ५४, तीन गुणांच्या ६ बास्केटचे १८ आणि फ्री थ्रोचे २१ मिळून ९३ होतात. वॉरियर्सच्या ३२ मध्ये तर तब्बल १५ बास्केट तीन गुणांच्या आहेत. म्हणून ‘एकूण बास्केट’ आणि ‘त्यांपैकी तीन गुणांच्या’ अशी शीर्षके द्यावीत; ‘त्यांपैकी’ हा एक शब्द मूळ इंग्रजी तक्त्यातही असता तर बरे झाले असते.

‘ब्लॉक’साठी ‘अडवणूक’ हा शब्द कोणी सुचवण्याआधीच माझा विरोध नोंदवतो. अडवणूक सरकारी कचेरीत होते. ८९-८९ अशी बरोबरी असताना, शेवटच्या दोन मिनिटांत, जेम्सने मागून धावत येऊन आंद्रे इग्वोडालाची फेक बोर्डावर थोपवली, त्याला अडवणूक म्हणणे क्रूरपणाचे ठरेल. ‘थोपवलेली फेक’ असे म्हणता येईल.

प्रतिसाद

‘असिस्ट’ला ‘साहाय्य’ म्हणायचे असल्यास निदान ते ‘सहाय्य’ असे लिहू नये. ‘सहाय’ म्हणजे सोबती, आणि त्यावरून झालेले भाववाचक नाम ‘साहाय्य’. तरीही मला तो शब्द इथे सैल वाटतो. सहकाऱ्याला वाट मोकळी करून देणे हेही साहाय्यच असते, पण तक्त्यात फक्त तोच पास मोजला जातो, ज्यातून लगेच बास्केट होते. पास मिळालेल्या खेळाडूवर फाउल झाला आणि त्याने फ्री थ्रोवर गुण मिळवले, तर एनबीएमध्ये पास देणाऱ्याला काहीच मिळत नाही. इतकी काटेकोर अट ‘साहाय्य’ या शब्दात मावत नसल्यामुळे ‘असिस्ट’च ठेवावा.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. ‘त्रिदशक’ मागे घेतो. शेवटच्या रकान्याला मी ‘अधिक-उणे’ असे शीर्षक दिले आहे. केव्हिन लव्हच्या नावापुढे +१९ आहे, म्हणजे तो मैदानात असताना क्लीव्हलँडने प्रतिस्पर्ध्यापेक्षा १९ गुण अधिक केले. सामना चारच गुणांनी जिंकला, त्यामुळे तो बाकावर असताना संघ १५ गुणांनी मागे पडला असला पाहिजे. हे गणित मुलांकडूनच करून घेणार आहे. आता फक्त ‘रिबाउंड घेतला’ की ‘घेतले’, एवढेच उरले. आमच्या मैदानावरची मुले ‘घेतला’ म्हणतात, तेव्हा पुल्लिंगीच ठेवतो.