छोट्या होडीसाठी स्वस्तात फिश फाइंडर कुठला? लवकर सांगा

आचऱ्याचा_गडी
मदत हवी आहे. होडीसाठी फिश फाइंडर, म्हणजे पाण्याखालचं पडद्यावर दाखवणारं यंत्र, घ्यायचाय. बजेट पंधरा हजार, ओढूनताणून अठरा. ऑनलाइन बघायला गेलं तर शंभर प्रकार, काही ठरत नाही. ३१ जुलैला पावसाळ्यातली मासेमारीबंदी संपते, त्याच्या आत बसवून हवा. जे वापरतात त्यांनी फक्त नाव सांगा. यूट्यूबवरचं सगळं बघून झालंय.

तांडेल_काका
रे बाबा, होडी लाकडाची काय फायबरची? किती वाव खोल पाण्यात जातस? जाळा टाकतस काय गळ? ह्या सांगल्याशिवाय नाव कोण सांगतला?

मन्या_पालघर
अठरा हजार कशाला घालवता? सरकार फुकट देतंय. ३० ऑगस्ट २०२४ ला आमच्या पालघरलाच पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालं. एक लाख बोटींना बसवणार आहेत. मत्स्य खात्यात चौकशी करा.

वायरिंगवाला
मन्याभाऊ, तो ट्रान्सपाँडर. इस्रोचं तंत्र आहे. बोट संकटात असली की उपग्रहावरून संदेश जातो, हद्दीजवळ गेलात तर इशारा येतो. जिवाच्या दृष्टीने फार मोलाची वस्तू, मिळाली तर जरूर घ्या. पण होडीखाली काय आहे ते त्यात दिसत नाही.

आचऱ्याचा_गडी
फायबर आहे, २२ फुटी. मासा कुठे आहे ते कळलं म्हणजे झालं. नाव सांगा ना कोणीतरी.

तांडेल_काका
वाव किती? इंजिन खयचा? बॅटरी आसा काय?

आचऱ्याचा_गडी
आठ ते वीस वाव. गळ जास्त, कधी जाळं. ९.९ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, दोरी ओढून चालू करतो. बॅटरी नाही. बॅटरी वेगळी लागते का?

वायरिंगवाला
लागते. आता नीट सांगता येईल. मी बंदरावर ही कामं करतो.

वीस वाव म्हणजे साधारण ३६ मीटर. एवढ्या पाण्यासाठी हजार फुटांच्या जाहिरातींना भुलू नका. गार्मिनचा स्ट्रायकर ४ बघा. पडदा साडेतीन इंचीच आहे, नकाशा नाही, पण जीपीएस आहे आणि खुणा साठवता येतात. खाऱ्या पाण्यात ७५० फूट खोलीपर्यंतचा आहे, तुम्हाला त्याच्या पाव भागही लागणार नाही. आयात माल, भाव खालीवर होतो, दोनतीन ठिकाणी विचारा. ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाजाची लाट सोडून परतलेली ऐकणारा भाग, सोबत आहे ना ते खोक्यावर वाचूनच पैसे द्या. नुसता पडदा विकणारेही असतात.

बॅटरीसाठी यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची चालेल. हे यंत्र पाव अँपिअरच्या आसपास खातं, पहाटे निघून दुपारी परत यायला भरपूर झालं. झाकणाच्या डब्यात ठेवा आणि वायरीत फ्यूज घाला. खारं पाणी जोडावर बसलं की तांबं हिरवं पडतं आणि पडद्यावर नुसती मुंग्यांची रांग दिसायला लागते. मग लोक यंत्राला शिव्या देतात.

आणि ‘मासा कुठे आहे’ ते हे सांगत नाही. होडीच्या खाली काय आहे तेवढंच सांगतं. २०० किलोहर्ट्झच्या आवाजाला २० अंशांचा कोन धरला, तर २० मीटरवर तळाला जेमतेम ७ मीटरचं वर्तुळ दिसतं. पुढचं, बाजूचं काही नाही.

रापणकर
पुढचं दिसलं तरी मिळणार काय? एलईडीचे दिवे लावून मासे गोळा करणारे रात्रीत सगळं ओढून नेतात. २०१७ पासून बंदी आहे म्हणे. यंत्रं घेण्यापेक्षा आधी त्यावर बोला.

मन्या_पालघर
शंभर टक्के. आमच्याकडेही तेच.

आचऱ्याचा_गडी
दादा, एलईडीचं खरं आहे, मलाही राग आहे. पण धागा माझा फाइंडरचा आहे.

नितळपाणी
काही विकत घेऊ नका. हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र, मासेमारीच्या संभाव्य जागांची सूचना फुकट देतं, मराठीतसुद्धा. उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य बघून काढतात. मी तेवढ्यावरच जातो.

वायरिंगवाला
सूचना चांगलीच असते, पण ती मैलांत बोलते. ढग असले की मिळतही नाही. खडपाची, म्हणजे पाण्याखालच्या खडकाची, कड कुठे संपते ते त्यात कसं कळणार? गळवाल्याला तेच हवं असतं. फाइंडरवर कडक तळ जाड, ठळक दिसतो, बऱ्याचदा त्याखाली दुसरी रेघ उमटते. चिखल असेल तर रेघ फिकी. तांबोशी, गोबरा खडपाला धरून असतो. कड सापडली की जीपीएसवर खूण करा. जाळं टाकतानाही ती खूण उपयोगी, खडपात अडकून जाळं फाटायचं टळतं.

तांडेल_काका
ह्या बरोबर बोललो. आमी शिसा बांधलेली दोरी सोडून तळ बघू. शिशाक खाली चरबी लावलेली, वाळू लागली की वाळू, काय लागला नाय की खडप.

कॅस्टिंग_किंग
हातात धरायचे पोर्टेबल दोनतीन हजारांत मिळतात. मी धरणावर वापरतो, मस्त. तेच घ्या.

वायरिंगवाला
धरणाचं शांत पाणी आणि ऑगस्टमधला समुद्र यात फरक आहे हो. लाटेत तरंगणारा सेन्सर वाकडा होतो, आकडा उड्या मारतो. रोज पोट भरायला जाणाऱ्याला तो सांगू नका.

कॅस्टिंग_किंग
मला तरी कधी अडचण आली नाही.

आचऱ्याचा_गडी
स्ट्रायकर घेतो. बसवायचा कुठे? होडीला भोक पाडणार नाही, आत्ताच सांगतो.

वायरिंगवाला
पाण्याखाली भोक नको. मागच्या फळीवर आधी प्लास्टिकची पट्टी चिकटवा आणि ट्रान्सड्यूसर तिच्यावर. इंजिनाच्या पंख्यापासून निदान सव्वा फूट लांब, तोंड होडीच्या तळाच्या किंचित खाली. पंख्याच्या बुडबुड्यात आला तर वेगात काही दिसणार नाही.

सुकाणू
त्यापेक्षा होडीच्या आतून चिकटवा. फायबरमधून आवाजाची लाट जाते. बाहेर ठेवला की किनाऱ्यावर ओढताना तुटतो.

वायरिंगवाला
भरीव फायबर असेल तरच. मध्ये फोम किंवा लाकूड असेल तर लाट तिथेच अडते. आधी पिशवीत पाणी भरून त्यात ट्रान्सड्यूसर ठेवा, ती पिशवी आतून तळाला टेकवून बघा. पडद्यावर समुद्राचा तळ नीट दिसला तर चिकटवा, इपॉक्सीत हवेचा एक बुडबुडाही नको. पाण्याचं तापमान मात्र मग खरं दिसणार नाही.

मन्या_पालघर
घोळ मासा दिसेल का ह्यात? २०२१ ला मुरब्याच्या बोटीला १५७ घोळ लागले, सव्वा कोटीच्या वर गेले.

वायरिंगवाला
घोळीच्या पोटात मोठी हवेची पिशवी असते, आवाज तिच्यावरून जोरात परततो, त्यामुळे दिसेल. पण पडदा ‘ही घोळ’ असं लिहून देत नाही. माशाची चित्रं दाखवणारी सोय बंदच ठेवा, शेवाळ आणि बुडबुड्यांनाही ती मासा म्हणते. सुरमईला आणि मुशीला ती पिशवीच नसते, खुणा फिक्या येतात. पडदा रिकामा म्हणून जागा सोडू नका.

आचऱ्याचा_गडी
सुरमईचं हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. पाण्याच्या पिशवीची परीक्षा उद्या शेजाऱ्याचा फाइंडर मागून करतो. यूपीएसची बॅटरी जुनी चालेल का?

तांडेल_काका
जुनी नको. भर समुद्रात दगा देतली.

रापणकर
माझी लाकडी होडी आहे. मला कुठला?

वायरिंगवाला
यंत्र तेच. फक्त आतून चिकटवायचं विसरा, लाकडातून लाट जात नाही. मागच्या फळीवरच बसवा. वाव किती, बॅटरी आहे का?