आयएसओ ४०० ची लक्ष्मणरेषा आता ओलांडावी का?

धागालेखक : नागपूरच्या पोद्दारेश्वर राममंदिराच्या रामनवमी शोभायात्रेत अंधार पडल्यावरही मी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला प्रतिसाद देण्याची पातळी) ४०० च्या पुढे नेला नाही, कारण जिथे कॅमेरा शिकलो तिथे ‘आयएसओ वाढवला की फोटो बिघडला’ एवढेच मनावर बिंबवले गेले होते. घरी येऊन पाहिले, तर फोटोंत नॉइज, म्हणजे दाणे, औषधालाही नव्हता. ढोलवादकाचा चेहरा मात्र ओल्या बोटाने पुसल्यासारखा दिसत होता, कारण शटरचा वेग १/१५ सेकंदापर्यंत खाली आला होता. तो १/२५० वर न्यायला चार स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) लागतात, म्हणजे आयएसओ ६४००. माझ्या मते तो न्यायलाच हवा होता. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला चेहरा सावरता येत नाही.

प्रतिसाद १ : मी असहमत आहे. दोष नियमाचा नसून लेन्सचा आहे. कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स ५५ मिमीला एफ/५.६ वर अडते (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे), त्याऐवजी एफ/१.८ ची ५० मिमी लेन्स असती, तर जवळपास दहापट प्रकाश आत येऊन तोच फोटो साधारण ६४० वर निघाला असता. शिवाय आयएसओ दुप्पट केला की उजळ भागासाठीची एका स्टॉपची जागा जाते आणि चित्ररथावरच्या दिव्यांच्या माळा निव्वळ पांढरे डाग होतात. दीक्षाभूमीचा स्तूप मी रात्री ट्रायपॉड लावून १०० वरच टिपतो.

धागालेखक : स्तूप जागचा हलत नाही, ढोलवादक हलतो! आणि एफ/१.८ वर एकाचा चेहरा स्पष्ट आला, तरी मागची सगळी रांग धूसर होते.

प्रतिसाद २ : दाणे मुळात सेन्सरवर कमी प्रकाश पडल्यामुळे येतात, हे दोघांच्याही बोलण्यातून निसटते आहे. शटर आणि अपर्चर (लेन्सचे छिद्र) तेच ठेवून मी एक रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला) फोटो ६४०० वर काढला आणि दुसरा ४०० वर काढून संगणकावर चार स्टॉप उजळला, तेव्हा माझ्या जुन्या कॅमेऱ्यात सावलीतले दाणे दुसऱ्यातच जास्त निघाले. मिरवणुकीत ऑटो आयएसओ (कॅमेरा स्वतःच आयएसओ ठरवतो) लावून कमाल मर्यादा ६४०० आणि किमान शटर १/२५० ठेवणे मला सोयीचे वाटते.

प्रतिसाद १ : काळे आभाळ पाहून कॅमेरा फसतो आणि फोटो गरजेपेक्षा उजळ काढतो. ऑटो लावायचाच असेल, तर एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) निदान एक स्टॉप उणे ठेवा. ६४०० ची मर्यादा मला तरीही मान्य नाही.