मदत हवी आहे: सिझेरियन मला हवंय की माझ्या भीतीला?

३२वा आठवडा चालू आहे, दुसरं बाळंतपण. पहिल्या वेळी २० तास कळा, शेवटी व्हॅक्यूम लावून बाळाला बाहेर ओढलं. दुखणं विसरले, पण काहीच न सांगता खोलीत एकदम सहा-सात जण शिरले, ते जात नाही डोक्यातून. अजूनही तपासणीच्या वेळी हातमोजा ओढल्याचा आवाज आला की अंग आखडतं.

बाळाचं डोकं खाली आहे, बीपी-शुगर ठीक. डॉक्टर म्हणतात, नॉर्मलला हरकत नाही, निर्णय तुमचा. सिझेरियनचे धोके (पुढच्या खेपेला वार, म्हणजे प्लासेंटा, टाक्यांच्या व्रणात रुतण्याचाही) समजून घेतलेत, ती यादी कृपया नको. एपिड्युरलबद्दल (कळांचं दुखणं कमी करायला पाठीत देतात ते औषध) विचारून झालं. श्वासाचे व्यायाम दिवसा जमतात, रात्री नाही. आधीच्या बाळंतपणातून बसलेल्या अशा तीव्र भीतीला दुय्यम टोकोफोबिया म्हणतात, एवढं वाचलंय.

सिझेरियन करायचं असं मनाशी ठरवलं की त्या रात्री गाढ झोप लागते. ही योग्य निर्णयाची खूण, की नुसती तात्पुरती सुटका? तारीख ३९व्या आठवड्याची मिळेल, म्हणजे हातात सात आठवडे. अशा भीतीसाठी ज्यांनी समुपदेशन घेतलं, त्यांनी सुरुवात जुन्या बाळंतपणापासून केली की आताच्या भीतीपासून, आणि किती बैठकांनंतर फरक जाणवला?