तात्या रिटायर झाले आणि रिजेक्शन वाढलं, छोट्या कारखान्याला नॉलेज मॅनेजमेंट लागतं का?

कुपवाडकर_फाउंड्री

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमची ग्रे आयर्नची फाउंड्री, म्हणजे बिडाच्या ओतकामाचा कारखाना आहे, ४२ माणसं, पंपाच्या आणि व्हॉल्व्हच्या बॉडी जास्त करून. वडिलांनी उभी केली, आता मी बघतो. साच्याची वाळू आणि कोअर (कास्टिंग आतनं पोकळ राहावं म्हणून साच्यात बसवायचा वाळूचा ठोकळा) हे सगळं आमच्या तात्यांकडं होतं, २७ वर्षं. मार्चमध्ये ते रिटायर झाले, शाल श्रीफळ झालं, सगळ्यांचे डोळे भरून आले, आणि जुलैत पाऊस लागला तसे ब्लो होल, म्हणजे ओतताना वाफ नाहीतर वायू अडकून पडणारी भोकं, सुरू झाले. वरनं कास्टिंग एकदम स्वच्छ, गिऱ्हाइकाकडं मशीनिंगला गेलं की आत पोकळी. रिजेक्शन ४ टक्क्यांवरनं ११ वर गेलं. मेटल तपासलं, वाळूतलं पाणी तपासलं, लॅबचे रिपोर्ट सगळे बरोबर, तीन आठवडे आम्ही नुसते चाचपडत होतो.

शेवटी तात्यांना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, "कोअर कधीचा लावताय?" म्हटलं आदल्या दिवशीचा. तर म्हणाले, "अरे बाळा, सीओटू वायूनं घट्ट केलेला कोअर पावसाळ्यात रात्रभर हवेतलं पाणी ओढतो, मी जून ते सप्टेंबर त्या दिवसाचे कोअर त्याच दिवशी सकाळी करून घ्यायचो, उरले तर फोडायचो." आणि मी मे महिन्यात काय केलं होतं, तर कोअर दोन दिवसांचे एकदम करून ठेवा, वेळ वाचतो, असं सांगितलं होतं. तात्या कोअर फोडताना मला दिसायचे, मला वाटायचं माल वाया घालवतात. २७ वर्षांत ही गोष्ट एका कागदावर नाही आणि मी पण कधी विचारलं नाही.

आता पुण्याचे एक कन्सल्टंट नॉलेज मॅनेजमेंटचं, म्हणजे माणसांच्या डोक्यातलं कामाचं ज्ञान सांभाळून ठेवायचं, सॉफ्टवेअर घ्या म्हणतायत, साडेतीन लाख. आमच्यासारख्यांना हे लागतं का, आणि लागत असेल तर नेमकं करायचं काय असतं?

क्यूए_सातारा

दादा, लागतंच, फक्त सॉफ्टवेअर आधी घेऊ नका. तुमचं आयएसओ ९००१, म्हणजे गुणवत्ता व्यवस्थेचं प्रमाणपत्र, असेल तर २०१५ च्या आवृत्तीत ७.१.६ कलम बघा, कारखाना चालवायला लागणारं ज्ञान कुठलं ते ठरवा, ते सांभाळा आणि ज्याला लागेल त्याला मिळेल असं ठेवा, हे तिथं स्पष्ट आहे. बरेच लोक ऑडिटच्या आदल्या रात्री एक फाइल बनवतात आणि विषय संपवतात, आम्ही पण तेच करायचो.

मग आमच्याकडं एक प्रकार झाला. एका पॅटर्नचा (साचा ज्यावरनं घेतात तो नमुना) रायझर, म्हणजे मेटल थिजताना आकसतं तेव्हा भर घालणारा जादा मेटलचा साठा, कोणीतरी २०१६ ला मोठा केला होता. पुढं नवीन इंजिनिअर आला, हुशार मुलगा, त्यानं बघितलं की मेटल जास्त जातंय, रायझर लहान केला. दोन महिन्यांनी श्रिंकेज, म्हणजे मेटल आकसून आत पोकळ्या. जुनं रजिस्टर काढलं तर त्यात बदल केला एवढंच होतं, तारीख आणि सही, पण का केला ते नव्हतं. तोच त्रास आमच्याच लोकांनी एकदा सोडवला होता आणि आम्ही पैसे मोजून तो परत आणला. त्या मुलाची चूक मी मानतच नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासनं पॅटर्न, वाळू, कोअर, काहीही बदललं की रजिस्टरला "का" असा वेगळा रकाना आहे, साध्या मराठीत दोन ओळी, आणि तो रिकामा असला तर मी सही करत नाही. सुरुवातीला सगळे वैतागले, आता नवीन पोरं स्वतःहून जुनी पानं चाळतात.

मिरजेचा_मास्तर

मी सांगलीत मॅनेजमेंट शिकवतो. साताऱ्याच्या क्यूए मॅडमचं बरोबर आहे, पण तात्यांचं सगळं रकान्यात मावणार नाही. कोअरची गोष्ट त्यांनी फोनवर एका वाक्यात सांगितली, ती लिहून ठेवता येते. पण हाताला जे कळतं ते?

जपानचे मॅनेजमेंटचे अभ्यासक इकुजिरो नोनाका यांनी याचं एक छान उदाहरण दिलंय. १९८० च्या दशकात मात्सुशिता कंपनी घरगुती ब्रेड मशीन बनवत होती, पाव वरून करपायचा आणि आत कच्चा राहायचा, पिठाचे एक्सरे काढले तरी कळेना. मग इकुको तानाका नावाच्या त्यांच्या सॉफ्टवेअर डेव्हलपर ओसाकाच्या एका हॉटेलात मुख्य बेकरच्या हाताखाली पीठ मळायला शिकल्या. तिथं त्यांच्या लक्षात आलं की तो पीठ ओढताना पिळतो पण. मग इंजिनिअरना सोबत घेऊन वर्षभर खटपट केली, मशीनच्या आत खास पट्ट्या बसवल्या आणि पाव जमला. बेकरला नुसतं विचारलं असतं तर त्यानं हे सांगितलं नसतं, कारण आपण पिळतो हे त्याच्या ध्यानातच नसणार.

आमच्या मिरजेत सतारीची जवारी लावतात ना, म्हणजे तारेचा आवाज जुळवतात, घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात तिचा) माथा कानानं ऐकत ऐकत घासायचा, किती घासायचा याचं माप नाही. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, फार आनंद झाला, पण जवारीला माणूस तयार होतो तो शेजारी बसूनच. तुमच्या तात्यांशेजारी कोण बसलं होतं?

भट्टीवर_३०_वर्षं

मालक, कामगाराच्या बाजूनं सांगतो, राग नको. आधीच्या कंपनीत माझा महिनाभर व्हिडिओ काढला, कधी स्लॅग (वितळलेल्या मेटलवरची मळी) काढतो, मेटल कधी ओततो, सगळं विचारून लिहून घेतलं. मी पण मनापास्नं सांगितलं, कारण आपलं काम आपल्याला आवडतंय. आणि सहा महिन्यांत तिथं कंत्राटी पोरगं उभं केलं, मला गेटजवळ स्टोअरला टाकलं. त्यानंतर त्या कंपनीत एकही जुना माणूस तोंड उघडत नव्हता, भट्टीवर कोण नवीन आला की सगळे गप. माहिती देणाऱ्याला भीती वाटली की ती माहिती गेलीच म्हणून समजा.

तुम्ही तात्यांना फोनवर फुकटात विचारू नका. आठवड्यातनं दोन दिवस बोलवा, पगार द्या, खुर्ची द्या. आणि जी पोरं शिकतील त्यांचा पण पगार वाढवा, न्हाईतर ती शिकून कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीला जातील.

कुपवाडकर_फाउंड्री

तुमचा मेसेज दोनदा वाचला, मामा. रविवारी तासगाव तालुक्यात तात्यांच्या गावी जाऊन आलो. मंगळवार आणि शुक्रवार यायला तयार झालेत, पगार ठरवला. मी विचारलं, तात्या इतकी वर्षं कधी बोलला का नाहीत, तर म्हणाले, "तू कधी सँड प्लांटला थांबलासच नाहीस."

काल पहिला दिवस झाला. वाळू मुठीत दाबली, मूठ उघडून बोटांचे ठसे दाखवले, मग ढेकूळ मधोमध मोडलं आणि कडा बघायला लावल्या. कडा झडली तर पाणी कमी, तळव्याला चिकटली तर जास्त. दोन पोरांकडनं प्रत्येकी वीस वेळा करून घेतलं, लॅबचा आकडा नंतर बघायचा, आधी मुठीनं अंदाज सांगायचा. मी पण केलं, माझं चारदा चुकलं. सॉफ्टवेअरवाल्यांना सध्या थांबा म्हटलंय. कोअर शॉपला दोरीनं एक वही बांधली, "का" चा रकाना टाकून.

क्यूए_सातारा

दादा, त्या वहीत कोअर केल्याची वेळ आणि त्या दिवशी पाऊस होता का तेवढं पण लिहायला सांगा. आणि तात्या एखादा कोअर बाजूला काढतील तेव्हा तो फोडायच्या आधी पोरांच्या हातात द्या.