मदत हवी आहे: बहिणीचा रक्तगट 'बॉम्बे' निघाला, बाळंतपणासाठी रक्ताची सोय (सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे)

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या बहिणीला एकतिसावा आठवडा चालू आहे. वार खाली आहे आणि पहिलं बाळंतपण सिझरचं, त्यामुळे आताही सिझरच होणार. रक्तस्राव जास्त होऊ शकतो हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय. हिमोग्लोबिन ९.४. नाव आमच्याकडच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात घातलंय. तिथे दोन पिशव्या राखून ठेवायच्या म्हणून नमुना रक्तपेढीत गेला, आणि ओ पॉझिटिव्हची एकही पिशवी तिच्या रक्ताशी जुळेना.

रक्तपेढीतल्या मॅडमनी मला आणि दाजींना आत बोलावून सगळं समोर करून दाखवलं. पांढऱ्या टाइलवर तिच्या रक्ताचे थेंब. एकात अँटी-ए घातलं, दुसऱ्यात अँटी-बी (पेशींवर ए किंवा बी असेल तर थेंबात गुठळ्या धरतात). दोन्ही थेंब तसेच्या तसे राहिले. म्हणजे इथवर ओ गटच दिसतो. पहिल्या खेपेला एका खासगी दवाखान्यात इथेच थांबून कार्डावर ओ पॉझिटिव्ह लिहून दिलं होतं. मग मॅडमनी उलटी तपासणी केली. तिच्या रक्तातलं सीरम घेतलं, त्यात दुसऱ्या कुणाच्या तरी ओ गटाच्या पेशी घातल्या, नळी मशीनमध्ये फिरवून काढली आणि हलकेच हलवली. पेशी सुट्या व्हायला हव्या होत्या. तळाची लाल गुठळी एकसंध वर उचलली गेली, मोडलीच नाही. शेवटी अँटी-एच (एच हा घटक ओळखणारं द्रावण) लावून पाहिलं, त्याला तिच्या पेशींनी काहीच दाद दिली नाही.

मला समजलं ते असं: ए आणि बी हे दोन्ही घटक एच नावाच्या मूळ घटकापासून बनतात. ओ गटाच्या माणसाच्या पेशींवर नुसता एच असतो. बहिणीच्या पेशींवर एचसुद्धा नाही, त्यामुळे तिच्या शरीराला ओ गटाचं रक्तही परकं. चढवलं तर ते फुटणार. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गट पहिल्यांदा ओळखला, म्हणून नाव बॉम्बे. आपल्या देशात साधारण दहा हजारांत एक. पहिल्या सिझरला रक्त लागलं नाही हे तिचं नशीब. लागलं असतं तर काय झालं असतं हा विचार मनातून जात नाही.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो. माझ्या भाचीचा रक्तगट ए आहे. शाळेच्या ओळखपत्रासाठी तो काढला तेव्हापासून 'आई ओ, बाप ओ, मग पोरगी ए कशी' असं सासरच्या काही माणसांनी बोलून दाखवलं. दाजी ठाम उभे राहिले, पण बहिणीने जे सोसलं ते सोसलंच. मॅडमनी परवा दोन मिनिटांत उलगडून सांगितलं: ए चं जनुक बहिणीत आहेच, पण एच नसल्यामुळे ते तिच्या पेशींवर दिसत नाही. लेकीला बापाकडून एच मिळाला आणि आईकडचं ए उघड झालं. मी मॅडमना हे कागदावर लिहून द्यायला सांगितलं आणि तो कागद सासरी जाऊन सगळ्यांसमोर वाचला. ज्यांच्या घरी अशा कार्डांवरून कुजबुज झाली असेल त्यांनी आधी नीट तपासणी करून घ्या. बाईवर बोट ठेवू नका.

आता मदत कशात हवी ते:

सांगली, कोल्हापूर, सातारा किंवा पुण्याच्या आसपास बॉम्बे गटाचे (पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह) कोणी दाते असतील तर कृपया कळवा. सिझर छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात धरलंय.

घरातल्यांपैकी कुणाकुणाची तपासणी करावी? आई ही बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. माझा गट ए. मधला भाऊ मस्कतला असतो, त्याच्या कार्डावर ओ आहे. मामा आणि आत्याकडची मंडळी सुईला घाबरतात की 'आपल्यात काहीतरी खोट आहे' या बोलण्याला, ते कळत नाही, पण टाळताहेत.

तिचंच रक्त आधी काढून ठेवता येतं असं ऐकलं. या हिमोग्लोबिनला ते जमेल का? आणि बाळाला काही धोका?

– कृष्णाकाठ

प्रतिसाद: लालपेशी

कृष्णाकाठ, मी रक्तसंक्रमण विभागात काम करते. तुमच्या रक्तपेढीने काम चोख केलंय. त्यांच्या मॅडमच्या सल्ल्यावर चाला, मी फक्त भर घालते.

आधी भाऊ. आईवडील दोघेही वाहक (स्वतःत दिसत नाही, पण मुलांना देऊ शकतात असे) असणार, त्यामुळे प्रत्येक सख्ख्या भावंडाला हा गट असण्याची शक्यता चारात एक. तुम्ही ए आहात म्हणजे तुमच्यात एच आहे, तुमचा प्रश्न मिटला. मस्कतच्या भावाला तिथल्या लॅबमध्ये नुसता रक्तगट नको, अँटी-एच आणि ओ पेशींसोबतची उलटी तपासणी करायला सांगा. हाच नियम नातेवाइकांना लावा. ज्यांच्या कार्डावर ए, बी किंवा एबी आहे त्यांना सध्या सोडा, फक्त 'ओ' वाल्यांना धरा. यादी एकदम छोटी होईल आणि घाबरणाऱ्यांची मनधरणीही कमी करावी लागेल. त्यांना हेही सांगा की हा आजार नाही. असा माणूस ठणठणीत असतो, अडचण येते ती रक्त घ्यायची वेळ आली तरच.

दाता सापडला तर त्याला लगेच रक्त द्यायला लावू नका! पिशवी साठवणुकीच्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकते, आणि पुरुषाला पुन्हा द्यायला तीन महिने थांबावं लागतं, बाईला चार. आज काढलेली पिशवी सिझरच्या सुमारास संपायला आलेली असेल आणि दाताही हातचा गेलेला असेल. दोन दाते मिळाले तर एकाची पिशवी सिझरच्या आठवडाभर आधी घ्या आणि दुसऱ्याला तयार राहायला सांगा.

तिचं स्वतःचं रक्त: साधारण ११ च्या खाली घेत नाहीत, त्यामुळे ९.४ ला नाही. पण अजून पाच-सहा आठवडे हातात आहेत. शिरेतून लोह देण्याबद्दल डॉक्टरांना उद्याच विचारा. ही गोष्ट दाता शोधण्याइतकीच महत्त्वाची आहे, कारण हिमोग्लोबिन वाढलं तर रक्त लागण्याची शक्यताच कमी होते. ऑपरेशनच्या वेळी सांडलेलं रक्त धुऊन परत देणारं सेल सेव्हर यंत्र तुमच्या रुग्णालयात आहे का, तेही विचारून ठेवा. नसेल तर ते असलेल्या मोठ्या ठिकाणी आत्ताच नाव घालणं शहाणपणाचं. ऐन वेळी रुग्णवाहिकेत घालून नेण्याची पाळी यायला नको.

अडतं ते फक्त लाल पेशींवर. प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) तिला कोणत्याही गटाचा चालतो, कारण तिच्या पेशींवर ए-बी काहीच नाही.

बाळ: तिच्या रक्तातलं अँटी-एच (एच असलेल्या पेशींवर हल्ला करणारा घटक) बहुतेक वेळा वार ओलांडत नाही अशा प्रकारचं असतं. तरी पहिले काही दिवस बाळाची कावीळ नीट मोजायला बालरोगतज्ज्ञांना सांगा.

तिचा नमुना पक्का करण्यासाठी परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेकडे पाठवला नसेल तर रक्तपेढीमार्फत पाठवा. दुर्मिळ दात्यांची नोंद त्यांच्याकडे असते. विनंतीही रक्तपेढीच्या पत्राने जाऊ द्या.

प्रतिसाद: काळी माती

माझा चुलतभाऊ याच गटाचा आहे, पॉझिटिव्ह, पुण्यात असतो. गेल्या महिन्यात एका ऑपरेशनसाठी दिलंय, म्हणजे तुमच्या तारखेला तीन महिने भरणार नाहीत. पण त्याच्या ओळखीत असे आणखी दाते आहेत, त्याच्याशी बोलून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. दात्याने सांगलीला यायची गरज नाही. पुण्यातल्या रक्तपेढीत रक्त घेऊन, सगळ्या तपासण्या करून पिशवी शीतपेटीतून पाठवता येते. आमच्या वेळी तसंच केलं होतं. तुमच्या रक्तपेढीचं मागणीपत्र आणि ताईंचा नमुना मात्र आधी पोचायला हवा.

प्रतिसाद: कृष्णाकाठ

दोघांचे मनापासून आभार. लोहाबद्दल आज विचारलं, उद्यापासून शिरेतून सुरू करताहेत. सेल सेव्हर इथे नाही, म्हणून पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहून घेतली. भावाने मस्कतमध्ये नमुना दिलाय. नातेवाइकांत ओ गटाचे चारच निघाले, त्यातला मामेभाऊ तयार झाला, सोमवारी त्याला घेऊन जातो. नमुना परळला गेलाय. काळी माती, व्यनिची वाट पाहतो. बाकी कुणाच्या ओळखीत दाता असेल तर नाव-नंबर इथे उघड टाकू नका, व्यनि करा.